काचेआडचा हिशेब

दसऱ्याच्या दिवशी कुठल्याही तालुक्याच्या गावात बायपासला एक चक्कर मारून या. गाड्यांच्या शोरूमसमोर मांडव असतो, दारात रांगोळी असते, झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या असतात आणि एकेका गाडीभोवती आठ-दहा माणसांचा घोळका असतो. आजी बॉनेटवर स्वस्तिक काढते, सूनबाई ओवाळते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून सगळ्या घराचा फोटो निघतो, पेढ्यांचा बॉक्स मिळतो आणि वाजतगाजत गाडी घरी जाते.

आपल्या दृष्टीनं व्यवहार तिथे संपला. पण मैत्रिणींनो, ज्या काचेच्या दालनातून आपण ती गाडी आणली, त्या दालनामागेही एक घर असतं. आज किती गाड्या गेल्या, किती उरल्या, उरलेल्यांवर व्याज किती चढलं, याचा हिशेब त्या घरात सणाच्या रात्रीही चालू असतो. मंदी आली की सगळ्यात आधी हे घर हलतं. आणि घर हललं की त्या घरातल्या बाईला कळतं की काही वर्षांपूर्वी आपण कुठल्या तरी कागदावर सही केली होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या थोरल्या नणंदेच्या घरी गाड्यांची एजन्सी होती. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वन्संचे यजमान, ज्यांना आमच्या घरात सगळे दाजी म्हणतात, त्यांनी आधी दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, मग दुचाकींची छोटी एजन्सी घेतली आणि २०१२ साली चारचाकीचं शोरूम उघडलं. गावात केवढं कौतुक झालं! वन्सं पैठणी नेसून उद्‌घाटनाला उभ्या होत्या. भागीदारी पत्रात त्यांचं नाव पन्नास टक्क्यांचं होतं. बँकेच्या कर्जालाही त्या जामीन होत्या आणि राहतं घर तारण होतं. हे सगळं त्यांना कधी कळलं? २०१९ साली!

“अगं, बँकेचा माणूस घरीच आला होता,” वन्सं सांगत होत्या. “मी अंगणात कुरडया घालत होते. हाताला चीक लागलेला. हे म्हणाले, जरा तीन-चार सह्या करून जा. मी पदराला हात पुसला आणि तो बोट दाखवील तिथे सह्या केल्या. नाही कशाला म्हणायचं? आपलाच तर धंदा!”

गाडी विकली, म्हणजे कोणी कोणाला?

शोरूममध्ये चाळीस गाड्या उभ्या दिसल्या की आपल्याला वाटतं, केवढा हा श्रीमंत माणूस! मलाही तसंच वाटायचं. वन्संच्या स्वयंपाकघरात बसून दाजींनी मला हा धंदा समजावून सांगितला तेव्हा उलगडा झाला.

कंपनी शोरूमवाल्याला गाड्या उधार देत नाही. कारखान्यातून गाडी निघण्याआधी तिचे पैसे कंपनीला पोचते होतात. हे पैसे बहुतेक वेळा बँक देते, माल तारण ठेवून. म्हणजे काचेआड चमकणारी प्रत्येक गाडी कर्जाची असते आणि उभ्या उभ्या व्याज खात असते. गाडी विकली की तिचं कर्ज आधी फेडायचं. मधूनच बँकेचा माणूस न सांगता येतो आणि चॅसी नंबर लावून गाड्या मोजतो. विकलेल्या गाडीचे पैसे पगारात किंवा भाड्यात वळवलेले सापडले, तर मग काही खरं नाही.

आता आपण घरखर्चाच्या वहीत मांडतो तसा हिशेब मांडू. समजा, गाडी सात लाखांची. त्यात विक्रेत्याला सुटतात शेकडा चारच्या आसपास, म्हणजे २८ हजार रुपये. बँकेचं व्याज दहा टक्के धरलं तर सात लाखांवर महिन्याला होतात सुमारे ५,८०० रुपये. गाडी पाच महिने विकली गेली नाही, तर सगळा नफा व्याजात गेला. चाळीस गाड्या असतील तर महिन्याचं नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या वर. त्यात बायपासच्या जागेचं भाडं, एसी, दिव्यांचा लखलखाट आणि चाळीस माणसांचे पगार. गिऱ्हाईक सूट मागतं, सीट कव्हर आणि मॅट फुकट मागतं. ते बऱ्याचदा याच २८ हजारांतून जातं.

आणखी एक गंमत. पेपरात दर महिन्याला बातमी येते, ‘गाड्यांची विक्री इतक्या टक्क्यांनी वाढली.’ ही विक्री म्हणजे आपण घरी आणलेल्या गाड्या, अशी आपली समजूत. पण उत्पादकांची ‘सियाम’ ही संघटना जो आकडा देते, तो कारखान्यांनी विक्रेत्यांकडे रवाना केलेल्या गाड्यांचा असतो. प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या गाड्यांचा आकडा विक्रेत्यांची ‘फाडा’ ही संघटना वेगळा देते. कंपनीच्या लेखी गाडी विकली गेलेली असते आणि दाजींच्या आवारात मात्र ती ऊन खात उभी असते. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच शोरूमवाल्याच्या डोक्यावरचं ओझं.

एकोणीसचं साल

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. त्यातून सावरतोय तोवर सप्टेंबर २०१८ उजाडला. त्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढणं सक्तीचं झालं. गाडी रस्त्यावर आणायचा खर्च वाढला. त्याच महिन्यात ‘आयएल अँड एफएस’ ही बडी वित्तकंपनी देणी चुकवू लागली. त्यानंतर गाड्यांना कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला. खेड्यापाड्यात पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला त्यांचाच आधार होता. बागाईतदार, दूधवाला, किराणा दुकानदार यांची कर्जप्रकरणं परत येऊ लागली. त्यात आपल्याकडे दुष्काळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उसाचं बिलच हातात नाही, तर गाडी कोण घेतो?

पुढच्या वर्षी ‘फाडा’नं सांगितलेले आकडे वाचून पोटात गोळा आला होता. एप्रिल २०१९ पर्यंतच्या अठरा महिन्यांत देशातल्या २७१ शहरांत मिळून २८६ शोरूम बंद पडली आणि ३२ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतरच्या तीन महिन्यांत आणखी सुमारे दोन लाख. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरात १,९६,५२४ प्रवासी गाड्या विक्रेत्यांकडे गेल्या. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा हा आकडा जवळजवळ ३२ टक्क्यांनी कमी होता.

दाजींच्या शोरूमला तेव्हा महिन्याला सहा-सात गाड्या जात होत्या. आवारात पन्नासाच्या वर उभ्या. दाजी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओसरीवर येरझारा घालायचे. वन्संनी विचारलं की, “काही नाही, पित्त झालंय.” एवढंच उत्तर. आपल्याकडच्या पुरुषांना अडचण सांगण्यापेक्षा पित्त झालं म्हणणं सोपं जातं. शेवटी बँकेचं पत्र आलं तेव्हा पित्ताचं खरं नाव कळलं. पाकिटावर दोन नावं होती. दाजींचं आणि त्याखाली वन्संचं.

काउंटरवरची पोर

अशा वेळी पहिली कात्री कुठे लागते? पगारावर. आणि पगारातही आधी कोणाच्या? काउंटरवर बसणाऱ्या, फोन करणाऱ्या, चहापाणी विचारणाऱ्या मुलींच्या. ‘गाडी विकणारा माणूस पाहिजे, मेकॅनिक तर पाहिजेच. रिसेप्शनवर काय, कोणीही बसेल’, असा सरळ हिशेब.

दाजींच्या काउंटरवर शेजारच्या वाडीची एक मुलगी होती. बी.कॉम. झालेली, पगार अकरा हजार. वडील गवंडीकामाच्या अपघातात जायबंदी झालेले. तिच्या पगारावर धाकट्या भावाचा आयटीआय चालला होता. गणपतीच्या आधी दाजींनी सहा जणांना थांबायला सांगितलं, त्यात ती होती. वन्संना हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही ती पोर डोळे पुसत त्यांच्या दारात आली म्हणून.

“काकू, माझं काम चुकलं का?” ती विचारत होती.

वन्सं मला म्हणाल्या, “मी तिला काय सांगू? निम्मी मालकीण मी, आणि मलाच माहीत नाही! त्या दिवशी यांच्याशी मी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, कागदावर माझं नाव आहे ना? मग वही मला दाखवा.”

आणि दाजींनी, आढेवेढे घेत का होईना, वही दाखवली.

मला वाटतं, त्या घरातला सगळ्यात मोठा बदल त्या दिवशी झाला. वन्सं जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, पण भिशीचा हिशेब बोटावर ठेवणाऱ्या. चार रात्री बसून त्यांनी खर्च वाचला आणि विचारलं, “गाड्या जात नाहीत, मग आपल्याला खरं पोसतंय कोण?” उत्तर वहीतच होतं. वर्कशॉप! गाडी मंदीत विकली जात नाही, पण आहे ती गाडी माणूस जास्त वर्षं वापरतो. तिचं ऑइल बदलावं लागतं, क्लच प्लेट जाते, दरवर्षी विमा भरावा लागतो. शोरूमची शोभा नव्या गाड्यांनी असते, पण चूल पेटते ती जुन्या गाड्यांवर.

मग त्या घरानं काय काय केलं, ते ऐका. शोरूमची अर्धी जागा सोडून दिली. रात्रीचे दिवे बंद केले. पन्नासातल्या पंधरा गाड्या सोलापूरच्या दुसऱ्या विक्रेत्याला पडेल भावानं दिल्या, कारण तोटा एकदाच होतो, व्याज रोज होतं. सेल्सच्या मुलांना एसीतून उठवून आठवडी बाजारात, साखर कारखान्याच्या गेटवर आणि दूध डेअरीवर पाठवलं. गावोगाव गाडी तपासणीची फुकट शिबिरं घेतली. आणि त्या वाडीच्या मुलीला महिन्यानं परत बोलावलं, विम्याच्या कामासाठी. विमा विकण्याची परवानगी मिळवायला दहावी पास, पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा एवढं पुरतं. तिनं ती दिली. ज्या-ज्या गिऱ्हाइकाचा विमा संपत आलाय, त्याला ती फोन करायची. तिच्या शेजारी वही घेऊन बसायच्या वन्सं.

पण म्हणून सगळं गोड झालं, असं नाही हं. २०२० च्या ३१ मार्चपर्यंत बीएस-४ गाड्या विकून संपवायच्या होत्या आणि २५ मार्चला देश बंद झाला. सुप्रीम कोर्टानं काही गाड्यांपुरती सवलत दिली आणि जुलैत ती मागेही घेतली. दाजींकडच्या अशा चार गाड्या अडकल्या. एप्रिल २०२० मध्ये तर देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीचीही देशात एक गाडी विकली गेली नाही. लॉकडाऊन उठल्यावर एसटी-वडापची भीती वाटून लोक पुन्हा गाड्या घेऊ लागले, तोवर २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आला. आता गिऱ्हाईक होतं, तर गाड्या नव्हत्या! त्या वर्षाच्या शेवटी दाजींनी गावाबाहेरचा प्लॉट विकला, बँकेचं मालावरचं कर्ज फेडलं आणि एजन्सी परत केली. वर्कशॉप ठेवलं. आज तिथे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त होतात.

एजन्सी परत केली त्या दिवशी दाजी म्हणाले, “सुटलो एकदाचे!” वन्संनी विचारलं, “तुम्ही सुटलात. माझी सही सुटली का?”

दाजींना प्रश्नच कळेना. दुसऱ्या दिवशी वन्सं स्वतः बँकेत गेल्या. साहेबांनी फाईल काढली, तर वर्कशॉपच्या यंत्रांसाठी २०१६ मध्ये घेतलेल्या दुसऱ्या कर्जालाही त्या जामीन होत्या आणि घराचे मूळ कागद त्यातही अडकलेले होते. ते कर्ज फिटायला आणखी चौदा महिने लागले. कागद हातात आले, जामिनातून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र आलं, तेव्हा वन्संनी ते देवासमोर ठेवलं. नारळ फोडला. म्हणाल्या, “दसऱ्याला गाडीपुढे फोडतात, मी कागदापुढे फोडला.”

सही करण्याआधी

हे दिवस गेले, आता काय त्याचं, असं म्हणू नका. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला देशभरातल्या शोरूममध्ये ८० ते ८५ दिवस पुरेल एवढा, सुमारे ७९ हजार कोटी रुपयांचा माल पडून असल्याचं ‘फाडा’नं सांगितलं होतं. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि नवे दर आले २२ सप्टेंबरला. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं आनंदच. पण मधले पाच आठवडे, ऐन गणपतीत, कोणी गाडी घेईना. ‘स्वस्त होऊ द्या, मग बघू.’ शिवाय जुन्या मालावर भरलेला उपकर नव्या करात वळता होईना, म्हणून विक्रेत्यांचे पैसे अडकले ते वेगळेच. नवरात्रात गर्दी उसळली खरी, पण ते पाच आठवडे ज्यांनी काढले त्यांना विचारा. चांगल्या बातमीच्या पोटातही शोरूमवाल्याची मंदी असू शकते.

म्हणून गाड्यांची एजन्सी असो, खताचं दुकान असो की मंगल कार्यालय, ज्या घरात धंदा आहे त्या घरातल्या माझ्या मैत्रिणींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वन्संना बँकेच्या आणि वकिलांच्या पायऱ्या चढून कळलेल्या.

भागीदारीत तुमचं नाव असेल, तर फर्मच्या कर्जाला तुम्ही पूर्ण जबाबदार असता. ‘मी फक्त नावापुरती’ हे कायदा मानत नाही. धंद्याचं कर्ज तुमच्या स्वतःच्या मालमत्तेतूनही वसूल होऊ शकतं.

जामिनाचंही तसंच. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असं १८७२ च्या करार कायद्यातच आहे. पण ‘वेगळं लिहिलेलं नसेल तर’ हे शब्द लक्षात ठेवा. माझा जामीन अमुक रकमेपुरताच, असं लिहून घेण्याची मागणी तुम्ही करू शकता. बँक मान्य करील की नाही ही पुढची गोष्ट, पण विचारायला काय हरकत आहे?

भागीदारीतून बाहेर पडलात, तर घरात बोलून भागत नाही. तशी जाहीर सूचना द्यावी लागते आणि बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते. नाही तर जुनी सही मागे लागलेलीच राहते.

बँकेचं पत्र आलं तर ते देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका. तारण मालमत्तेबद्दलची मागणीची नोटीस आली, तर रक्कम भरायला साठ दिवसांची मुदत असते. त्या साठ दिवसांत बोलणी होऊ शकतात, एखादी वस्तू आपल्या हातानं योग्य भावात विकता येते. दिवस घालवले की भाव दुसरा कोणी तरी ठरवतो. आणि तुमचे दागिने, तुमचं स्त्रीधन, हे तुमचं आहे. धंद्यासाठी द्यायचं तर जरूर द्या, पण स्वतः ठरवून आणि वजनासकट लिहून ठेवून.

शोरूममध्ये, दुकानात नोकरी करणाऱ्या मुलींनाही एक सांगणं. नेमणुकीचं पत्र मागून घ्या. पीएफ कापत असतील तर तो खरंच जमा होतोय ना, ते आपल्या यूएएन नंबरवर मोबाइलमध्ये बघता येतं, बघत जा. आणि काउंटरवर बसल्या बसल्या आरटीओचे कागद, विमा, कर्जाची फाईल, जे शिकता येईल ते शिकून घ्या. त्या वाडीच्या मुलीला उपयोगी पडलं ते हेच. आज वर्कशॉपच्या विम्याचा गल्ला ती सांभाळते. भाऊ आयटीआय करून तिथेच मेकॅनिक लागलाय.

परवा वन्सं भेटल्या तेव्हा त्यांच्या महिला मंडळात आता त्या काय करतात ते ऐकलं. हळदी-कुंकवाच्या वेळी वाण म्हणून त्यांनी सगळ्यांना एकेक प्लॅस्टिकची फाईल वाटली. स्टीलच्या डब्या सोडून ही फाईल कशाला, म्हणून बायका हसल्या. वन्सं म्हणाल्या, “हसा. पण घरी गेल्यावर यजमानांना विचारा, माझी सही कुठे-कुठे आहे? त्या सगळ्या कागदांची झेरॉक्स यात घाला.”

त्यातल्या दोघी-तिघींनी पुढच्या महिन्यात फाईल भरून आणली. एकीच्या फाईलमध्ये असा एक कागद निघाला, ज्याची तिला आठवणही नव्हती. तिच्या यजमानांचा ट्रॅक्टरचा धंदा आहे. वन्संनी तिला शेजारी बसवून घेतलं, चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.